गढूळ पाण्यातला सायप्रिनस आणि लाल दोऱ्याची अळी

शहरातल्या तळ्यातला मासा म्हणलं की लोक नाक मुरडतात. छत्रपती संभाजीनगरातल्या खाम नदीच्या कडेला रॉड घेऊन उभं राहिलं की येणारा-जाणारा हमखास विचारतो, "काय धरू राहिले ओ, ह्या पाण्यात मासा असतो का?" असतो ना. चिलापी असते, मागूर असतो, मरळ असते, आणि मुख्य म्हणजे सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, जो मला आपल्याकडचा सगळ्यात कमी लेखलेला मासा वाटतो. जाळ्यात आला की तो गोणीत जातो आणि विषय संपतो, पण त्याच माशाला फ्लाय रॉडने पकडायला जा, मग कळतं की समोर किती सावध जनावर आहे.

फ्लाय फिशिंग म्हणजे हुकवर दोरा, पीस, केस गुंडाळून खोटा किडा बनवायचा आणि तो माशापुढे नेऊन टाकायचा. अडचण ही की त्या किड्याला वजनच नसतं. साध्या गळाला शिसं असतं, ते फेकलं की मागचा दोरा ओढत नेतं. इथे उलटं, फेकायची असते ती लाइनच. ती जाड असते, जड असते, कार्पसाठी साधारण सहा ते आठ नंबरची वापरतात, सहा नंबरच्या लाइनचे पुढचे ३० फूट भरतात साधारण १०.४ ग्रॅम आणि आठ नंबरचे १३.६ ग्रॅम, आणि हेच वजन रॉडला वाकवतं. पोतराजाचा आसूड बघितलाय ना, मुठीकडे जाड आणि टोकाकडे बारीक बारीक होत गेलेला? हात थांबतो पण जोर पुढे सरकत राहतो, हलणारा भाग कमी कमी होत जातो, म्हणून उरलेल्याचा वेग वाढतो, इतका की टोक आवाजाच्या वेगाच्या पुढे जातं आणि तो फटका ऐकू येतो. फ्लायची लाइन हवेत वळसा घेऊन उलगडते तेव्हा तत्त्व हेच असतं, फक्त हवेचा अडथळा आणि टोकाला बांधलेलं पीस तो वेग खाऊन टाकतं, म्हणून शेवटी किडा पाण्यावर अगदी हलका उतरतो.

हलका उतरणं इतकं महत्त्वाचं का, तर कार्पच्या कानामुळे. माशाचं शरीर आणि पाणी यांची घनता जवळपास सारखी, त्यामुळे पाण्यातला आवाज शरीरातून आरपार निघून जातो. पण पोटात हवेची पिशवी असते आणि हवा मात्र आवाजाने थरथरते. कार्पच्या कुळात ही थरथर आतल्या कानापर्यंत पोचवायला मणक्याजवळ छोट्या हाडांची साखळी असते, अर्न्स्ट हाइनरिख वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० मध्ये तिचं वर्णन केलं, आजही त्या हाडांना त्याचंच नाव आहे. या साखळीमुळे कार्पला साधारण ३००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. रोहू, कटला, मृगळ यांना ती आहे, मागूर आणि शिंगटा यांना पण आहे, चिलापीला नाही. काठावर गप्पा मारल्या तर फारसं बिघडत नाही, हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळपास सगळाच परत फिरतो. पण चपलेने दगड सरकवला, बांधावर धपकन उडी मारली की जमिनीतली धडक थेट पाण्यात उतरते आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने, म्हणजे दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनशील छिद्रांच्या ओळीने, पाण्याची जवळची हालचाल पण त्याला कळते.

डोळ्यांचं पण ऐका. पाण्याखालून वर बघितलं तर बाहेरचं सगळं जग साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत दाबून बसलेलं दिसतं, त्या खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखं काम करतो. क्षितिजाजवळचं जे काही आहे ते खिडकीच्या कडेला चेपलं जातं. म्हणून बसून, वाकून टाका, उभं राहून हात उंच नाचवलेला माणूस त्या खिडकीत बरोबर येतो. आणि आपल्याला मासा दिसावा म्हणून पोलराइज्ड चष्मा लागतो, कारण पाण्यावरची चमक एका दिशेत कंप पावणारी असते आणि काच ती अडवते, उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांच्या कोनातून बघितलं तर चमक सगळ्यात चांगली कापली जाते.

आता मराठवाड्याची खरी अडचण, पाणीच गढूळ. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण इतके बारीक की त्यांच्यावरचा ऋण विद्युतभार त्यांना एकमेकांपासून लांब ढकलत राहतो, ते एकत्र येऊन जड होत नाहीत, म्हणून पावसाळ्यानंतर तलाव कितीतरी दिवस तपकिरीच राहतो. दिवाळीनंतर निवळायला लागतं. तोवर मासा दिसत नाही, त्याचं काम दिसतं: उथळ काठाला चिखलाचा ढग उठतो, बुडबुड्यांची रांग सरकते, कधी शेपटीचं टोक वर येतं. तो खाली तोंड खुपसून चिखल चाळत असतो.

हे चाळणं मला या माशातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. तोंड नळीसारखं पुढे येतं आणि चिखल, काडी, अळी सगळं एकदम आत ओढलं जातं. तोंडाजवळच्या चार मिशांवर, ओठांवर चव घेणाऱ्या पेशी, आणि टाळूवर एक जाड मांसल अवयव, जो त्यातला खायचा तेवढा कण धरून ठेवतो आणि बाकी परत जातं. जबड्यात दात नाहीत, दात घशात आहेत, गोगलगायीचं शिंपलं तिथे फुटतं. पोट म्हणून वेगळी पिशवीच नाही, घशातून सरळ आतडं. आणि आपला खोटा किडा तर बेचव दोरा! तो आत गेला तरी क्षणात बाहेर टाकला जातो, हाताला झटका यायच्या आधीच. त्यामुळे डोकं वळलं का, ढग थांबला का, यावरून ओढायचं, आणि किडा त्याच्या मिशांपासून वीतभर अंतरात पडायला पाहिजे, कारण तो लांबून शोधत येत नाही.

शहरी पाण्यासाठी किडा पण सोपा आहे, हुकवर लाल दोरा, बस. सांडपाण्याच्या चिखलात डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीच्या लाल अळ्या असतात. त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि ऑक्सिजन फार कमी असला तरी तगतात. इतर किडे संपतात तिथे याच उरतात आणि कार्प त्यांच्यावर जगतो.

हा मासा मूळचा इथला नाही. भारतात तो १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणला, नंतर १९५७ मध्ये बँकॉकहून दुसरा वाण कटकला आला. त्याच वर्षी १० जुलैला ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरींनी पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन आपल्या देशी कार्पची बंदिस्त पाण्यात अंडी मिळवली, कारण रोहू-कटल्याला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. सायप्रिनसला त्याची गरज नाही, उभ्या पाण्यात गवताला अंडी चिकटवतो आणि मोकळा होतो, म्हणूनच शहरातल्या तळ्यात त्याची भरभराट. अमेरिकेत तर सरकारनेच १८७७ मध्ये जर्मनीहून खायला म्हणून मागवला, नंतर तोच लोकांना नकोसा झाला, आणि आज लॉस एंजेलिसच्या काँक्रीटच्या नदीत लोक त्याच्यासाठी फ्लाय टाकतात. बरं, तो निरुपद्रवी पण नाही, चिखल उकरून तळातलं फॉस्फरस वर आणतो, पाणवनस्पती मरतात, शेवाळ वाढतं, जगातल्या १०० सगळ्यात घातक परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. माझं मत असं की गळाने दोन-चार काढून ती संख्या कमी होणार नाही, सांडपाणी थांबलं तर पाण्याचं भलं होईल.

एक मासा लागला की काही वेळ तिथलं सगळं शांत होतं, त्यामागे झटापटीचा खळबळाट असतोच, पण अजून एक गोष्ट असू शकते. मधमाशांच्या नाचाचा अर्थ लावणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये एका छोट्या माशावर दाखवलं की कातडीला जखम झाली की त्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि बाकीचे घाबरून पळतात. कार्पच्या कुळात हे सर्रास आहे. म्हणून हुकच्या टोकाजवळचा उलटा दात दाबून घ्या, हात ओले करा नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि शक्यतो पाण्यातच सोडवा. नाल्याच्या पाण्यातला मासा खाऊ नका, जड धातू अंगात साठत जातात.

जागेचं आधी विचारा. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, बऱ्याच तलावांवर मच्छीमार सोसायटीचा ठेका असतो, तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. सलीम अली सरोवरात पक्ष्यांसाठी दुर्बीण घेऊन जा, रॉड नको. आणि उन्हाळ्यात कुठेच नको. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच, त्यात रात्रभर शेवाळ पण श्वास घेतं, म्हणून मे महिन्यात पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात. तेव्हा गळाला लागलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही. दिवाळी ते होळी, पाणी निवळलेलं आणि गार, हा आपल्याकडचा खरा सीझन.