डबीतल्या गोळ्या जुळल्या, म्हणजे औषध नीट चालू?

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांना मोजणीचा धाक ठाऊक आहे. हजार म्हणजे हजार. एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीचं औषध मिळतं तिथे, डबी उघडून गोळ्या मोजतात, तेव्हाही अनेकांना वाटतं की आकडा जुळला म्हणजे झालं. ही समजूत जुनी आहे, आणि घातकही.

हिशोब साधा आहे. 30 गोळ्यांची डबी, रोज एक. 28 दिवसांनी 2 उरायला हव्यात. 5 उरल्या तर 28पैकी 25 घेतल्या, म्हणजे सुमारे 89 टक्के. पण यातून डबीतून किती गेल्या एवढंच कळतं, पोटात किती गेल्या ते नाही. बोलणी खावी लागतील म्हणून कुणी जादा गोळ्या आधीच फेकून दिल्या, तर कागदावर शंभर टक्के! गड्ड्याच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरलेलं, डबी तांदळाच्या पिंपामागे लपवलेली, तीन रात्री गोळी राहिली, हे समुपदेशकाला कळलं तरच मार्ग निघतो. तिथे कुणी परीक्षा घेत नाही हो.

खरं काय ते रक्त सांगतं. व्हायरल लोड तपासणी, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणं, औषध सुरू केल्यावर 6 आणि 12 महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा होते. सरकारी केंद्रात मोफत. मिलिलिटरमागे विषाणूच्या 1000 प्रतींहून जास्त आला, तर आधी समुपदेशन, मग पुन्हा तपासणी.

गोळी चुकली तर आठवताच घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत. आणि उरलेल्या गोळ्या आहेत तशा केंद्रावर घेऊन या.