ओंब्रे नखं: सगळा खेळ वाळण्याच्या वेळेचा

तुळशीचं लग्न लागलं की गोव्यात लग्नसराई सुरू होते आणि फोंडा-म्हापशाच्या पार्लरांत नवऱ्या ओंब्रे मागू लागतात. मुळाशी फिकट गुलाबी, टोकाकडे दुधी पांढरा, मध्ये रेघ कुठेच नाही. चुड्याचा हिरवा आणि मेंदीची लाली यांच्यावर हा रंग कुरघोडी करत नाही, म्हणून मला तो मनापासून आवडतो.

ओंब्रे हा शब्द फ्रेंच. छटा दिलेलं, सावली धरलेलं असा त्याचा अर्थ. नखांना मात्र ही छटा फार उशिरा मिळाली. अमेरिकेत क्युटेक्सचं द्रवरूप नेलपॉलिश १९१७ च्या सुमारास आलं, १९३२ मध्ये रेव्हलॉन सुरू झाली आणि गडद, अपारदर्शक रंगांचा जमाना आला. आपल्याकडे लॅक्मे १९५२ ची. १९७० च्या दशकात ऑर्ली कंपनीच्या जेफ पिंक यांनी फ्रेंच मॅनिक्युअर रूढ केलं, पण त्यातही पांढऱ्या टोकाची रेघ ठसठशीतच.

अडचण रंगाची नव्हती, वाळण्याची होती. नेलपॉलिशमधलं नायट्रोसेल्युलोज द्रावक उडताच घट्ट होतं; ब्रशने दोन रंग मिसळायला गेलं की ओरखडे उठतात. त्यावर तोड म्हणजे मेकअपचा स्पंज. आधी फिकट रंगाचा हात द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा. मग ओलसर स्पंजवर दोन्ही रंग शेजारी-शेजारी, कडा जराशा एकमेकींत घुसतील असे लावायचे आणि नखावर हलकेच टिपायचे, घासायचं नाही. हात जरा वर-खाली सरकवत, पातळ थर दोन-तीनदा. नखाभोवती आधी व्हॅसलिन लावलं तर त्वचा लगेच पुसता येते. नखावर मात्र ते लागू देऊ नये. शेवटी टॉपकोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर: उरलेला खरखरीतपणा तोच विरघळवतो.

जेल नेलपॉलिशने हे चित्र पालटलं. यूव्ही (अतिनील) दिव्याखाली धरेपर्यंत जेल घट्ट होत नाही, त्यामुळे ब्रशनेच रंग निवांत विरवता येतो. २०१० मध्ये सीएनडी कंपनीचं शेलॅक हे जेलपॉलिश आल्यावर हा प्रकार पार्लरांत सर्रास झाला. गुलाबी-पांढऱ्या जोडीला तिथे ‘बेबी बूमर’ म्हणतात.

नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. गडद रंगामागे मुळाशी उघडी पडलेली फट चटकन दिसते. मूळ फिकट असलं की पाचपरतावण उरकून नवरी कामावर रुजू झाली तरी हात नीटनेटके दिसतात.