निम्मी गाठ मुद्दाम शिल्लक

बीटी कपाशीच्या (बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या वाणाच्या) पाकिटाबरोबर पूर्वी एक छोटी पुडी यायची, १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याची. ती शेताच्या कडेनं पेरायची, म्हणजे साध्या अळ्या जगतील आणि बीटी पचवणाऱ्या अळ्यांचंच राज्य होणार नाही. यवतमाळकडचे आमचे मामा ती पुडी उकिरड्यावर फेकायचे. ‘अळ्या पोसायला बी पेरू?’ पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली.

कर्करोगाच्या बाबतीत आपण सगळेच मामा असतो. एकही पेशी ठेवू नका! जिथे खरंच सगळ्या मारता येतात, तिथे हे बरोबरच आहे. पण शरीरभर पसरलेल्या कर्करोगात औषधाला दाद न देणाऱ्या काही चिवट पेशी बहुधा आधीपासूनच असतात. फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरचे रॉबर्ट गेटनबी यांनी त्यासाठी लोटका-व्होल्टेरा समीकरणं, म्हणजे एकत्र राहणाऱ्या जिवांची संख्या एकमेकांमुळे कशी कमी-जास्त होते ते सांगणारं गणित, हाताशी घेतली. यातले व्होल्टेरा हे इटालियन गणितज्ञ; त्यांना १९२० च्या दशकात एड्रियाटिक समुद्रातल्या मासळीचं कोडं सोडवायचं होतं. माशांचं गणित गाठीला लागू पडतं, याचं मला अजून अप्रूप आहे.

गाभा एका कंसात आहे. चिवट पेशींच्या वाढीचा वेग = र × च × (१ − एकूण पेशी ÷ क). च म्हणजे चिवट पेशी, र त्यांचा मूळ वाढीचा दर आणि क म्हणजे तिथली जागा व रक्तपुरवठा जास्तीत जास्त पोसू शकेल इतक्या पेशी. समजा क १०० आहे. ८९ पेशी औषधाला बळी पडणाऱ्या, १ चिवट. एकूण ९०, म्हणून कंस ०.१. चिवट पेशीला गर्दीत हातपाय पसरायला जागाच नाही. आता जोरदार औषधानं ८९ च्या ८९ मारल्या. उरली १, कंस झाला ०.९९. म्हणजे तिचा वेग जवळजवळ दहापट झाला, आणि मैदान आपणच मोकळं करून दिलं! त्याऐवजी ४४ मारून थांबलो, तर कंस ०.५४ वर राहतो. (बोंडअळीत हे काम साध्या आणि बीटी पचवणाऱ्या किड्यांच्या मिलनातून होतं, इथे जागेच्या भांडणातून. तेवढा फरक ध्यानात ठेवावा.)

२०१७ मध्ये गेटनबींच्या गटानं प्रोस्टेट या पुरुषांतल्या ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ११ रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी सोडतात ते प्रथिन, आजाराचं माप) निम्म्यावर आला की ॲबिराटेरोन हे औषध बंद. तो मूळ पातळीवर परतला की पुन्हा सुरू. आजार बळावेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) किमान २७ महिने निघाला. नेहमीच्या पद्धतीत तो साधारण दीड वर्षाच्या आतच असतो. औषधही जवळपास निम्मंच लागलं.

अकराच रुग्ण, तेव्हा ‘गणितानं कॅन्सर हरला’ असले मथळे नकोत. आणि हे वाचून कुणी घरच्या घरी गोळ्या बंद करून व्हॉट्सॲपवरचा काढा सुरू केला, तर ते गणित नव्हे, आत्मघात आहे. इथे प्रत्येक थांबा रक्ताच्या चाचणीवर ठरत होता. शिवाय बंद-सुरूचं चक्र किती महिन्यांचं, हे प्रत्येक रुग्णागणिक वेगळं निघालं, कारण प्रत्येकाच्या गाठीत चिवट पेशींचा वाटा वेगळा. तो मुळातच मोठा असेल, तर त्यांना रेटून धरायला शेजारीच पुरे पडत नाहीत.