सागरविज्ञानाचा प्रास्ताविक प्रात्यक्षिक अभ्यासक्रम

महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी, स्वतः मोजमापे करून समुद्राची ओळख करून देणारा अभ्यासक्रम. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियासारख्या किनारी राज्यांतील कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांत) तो रूढ आहे. तेथे इतिहास, वाणिज्य किंवा चित्रकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही बहुधा प्रयोगशाळेसह एखादा विज्ञान विषय घ्यावा लागतो, आणि त्यातले बरेच जण सागरविज्ञान घेतात. वर्गातील बहुतेकांना पुढे सागरशास्त्रज्ञ व्हायचे नसते. आठवड्याला साधारण तीन तास व्याख्यान, तीन तास प्रयोगशाळा आणि सत्रात काही वेळा किनाऱ्यावर किंवा बोटीवर काम अशी त्याची मांडणी असते. गणित शाळेतले पुरते.

समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे आणि २०० मीटरांखाली सूर्यप्रकाश जेमतेम पोहोचतो. त्यामुळे समुद्राविषयी जे कळले, ते बहुतांशी दोरीला बांधून सोडलेल्या बाटल्या, तापमापके, जाळी आणि ध्वनिलहरी यांच्यामार्फत कळले. पाठ्यपुस्तकातला आकडा कुठून आला आणि त्यावर कितपत भरवसा ठेवावा, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हातांनी समजावे, हा या अभ्यासक्रमाचा खरा उद्देश होय.

कामाचा क्रम जुनाच आहे. ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज डिसेंबर १८७२ मध्ये निघाले आणि मे १८७६ मध्ये परतले. वाटेत ३६२ ठिकाणी थांबून त्यावरील मंडळींनी खोली, तळाचा गाळ, निरनिराळ्या खोलींवरचे तापमान, पाणी आणि जीव यांची नोंद केली. आजच्या प्रयोगवहीतही हीच प्रकरणे असतात. सुरुवात बहुधा खोलीपासून होते. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. प्रतिध्वनी चार सेकंदांनी आला तर त्यात जाणे-येणे दोन्ही आले, म्हणून तळ ३,००० मीटरांवर. एकाच रेषेवरील आधी पाच आणि मग पन्नास मोजमापांवरून तळाचा छेद काढायला सांगतात. पाच आकड्यांत जिथे सपाट मैदान दिसते, तिथे पन्नास आकड्यांत डोंगररांग आणि तिच्या मधोमध दरी उमटते. अटलांटिकच्या तळाची अशीच दरी मेरी थार्प यांनी १९५०च्या दशकात कागदावर छेद काढता काढता ओळखली.

क्षारतेच्या प्रयोगात एकच नमुना तीन प्रकारे मोजतात: हायड्रोमीटरने (पाण्याच्या घनतेवरून), रिफ्रॅक्टोमीटरने (पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून) आणि विद्युत्वाहकतेवरून. सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहिले की ते एकसारखे येत नाहीत. कुणाचे ३३, कुणाचे ३६. किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असे पुस्तकात वाचलेले असते. आता तीच संख्या काढताना उपकरणाचे तापमान, भिंगावरचा थेंब आणि वाचणाऱ्याचा डोळा मध्ये येतात. ‘चॅलेंजर’ने आणलेल्या ७७ नमुन्यांचे विश्लेषण करून विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये दाखवले की क्षारता कमीजास्त झाली तरी प्रमुख क्षारांचे आपसातले प्रमाण जवळजवळ कायम राहते. म्हणूनच एका गुणधर्मावरून एकूण क्षारता काढता येते, नाहीतर प्रत्येक क्षार वेगळा मोजावा लागला असता.

वर्गाचे डोळे विस्फारतात ते मात्र घनतेच्या टाकीपुढे. लांबट काचेच्या टाकीत मधोमध सरकती फळी बसवतात. एका बाजूला निळा रंग घातलेले खारे पाणी, दुसऱ्या बाजूला साधे पाणी; पातळी दोन्हीकडे सारखी. फळी अलगद वर ओढली की निळे पाणी जिभेसारखे तळाशी घुसते आणि साधे पाणी त्याच्यावरून उलट्या दिशेने जाते. निळी धार टोकाच्या काचेवर आपटून परतते. काही मिनिटांत दोन थर स्वच्छ वेगळे होतात. मग टाकीचे एक टोक किंचित उचलून खाली ठेवले की वरचा पृष्ठभाग जवळजवळ स्तब्ध दिसतो, पण दोन थरांच्या सीमेवर मोठी, संथ लाट बराच वेळ येरझारा घालत राहते. हाच प्रयोग पुढे गार आणि कोमट पाणी घेऊन करतात.

या टाकीचा मूळपुरुष लुइजी फेर्दिनांदो मार्सिली. १६७९-८० मध्ये हा इटालियन तरुण इस्तंबूलला होता. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत वरचा प्रवाह काळ्या समुद्राकडून येतो, पण खोल सोडलेली जाळी उलट दिशेला ओढली जातात, हे तिथल्या कोळ्यांना ठाऊक होते. मार्सिलीने पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधलेली दोरी पाण्यात सोडून ते तपासले आणि मग मध्ये पडदा असलेल्या पेटीत दोन्हीकडचे पाणी भरून कारणही दाखवले. काळ्या समुद्राच्या पृष्ठभागाची क्षारता १८च्या आसपास, भूमध्य समुद्राची ३८च्या. फरक घनतेचा, आणि तेवढ्याने दोन प्रवाह चालू राहतात. तीनशेहून अधिक वर्षे जुना प्रयोग आजही जसाच्या तसा करता येतो, याचे अप्रूप वाटायलाच हवे.

विरघळलेला प्राणवायू मोजण्यासाठी आता विजेवर चालणारे संवेदक मिळतात. तरीही लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये दिलेली अनुमापन (टायट्रेशन) पद्धत अभ्यासक्रमातून काढू नये, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. नळी बाटलीच्या तळापर्यंत नेऊन पाणी भरायचे, ते बराच वेळ ओसंडू द्यायचे आणि एकही बुडबुडा आत राहू द्यायचा नाही. मग मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडायचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर तो पांढराच राहतो. आम्ल घातले की साका विरघळून आयोडीन मोकळे होते, त्यात थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडतात. रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च घालायचे, द्रावण गर्द निळे होते, आणि मग एका थेंबाला निळेपणा नाहीसा होतो. तो थेंब हुकला तर उत्तर चुकले. संवेदकाच्या पडद्यावरचा आकडा बरोबर आहे की नाही, हे ठरवायलाही शेवटी हीच पद्धत वापरतात.

टाकी आणि बाटली हे दोन प्रयोग गोव्याच्या किनाऱ्यावर एकत्र येतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचे, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते, पण पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर त्याच्यावर झाकण घालतो. वरचा प्राणवायू खाली मिसळत नाही, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाजवळचा जवळजवळ संपतो. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर एका ठरावीक ठिकाणी १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून याच्या नोंदी घेत आली आहे.

किनाऱ्यावरचे काम ओहोटीच्या वेळापत्रकावर चालते. कॅलिफोर्नियात दिवसाउजेडी मिळणाऱ्या खोल ओहोट्या बऱ्याचशा हिवाळ्यात येतात, म्हणून सहलींच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच ठरतात. विद्यार्थी भरतीचे तक्ते चंद्रकलांशी ताडून पाहतात. मुंबई-कोकणात हे काम घरातल्या पंचांगावरही भागते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, हा इथला जुना हिशेब: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. म्हणजे दर तिथीला ४५ मिनिटे. प्रत्यक्षात सरासरी ४८ मिनिटे पडतात. तीन मिनिटांचा हा फरक पौर्णिमेपर्यंत पाऊण तासावर कसा जातो, उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांच्या दरम्यान तो पुन्हा कसा कमीजास्त होतो, हे काढणे म्हणजे एक उत्तम प्रात्यक्षिकच आहे.

पुळणीचा उतार मोजायला दोन काठ्या पुरतात. के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये ही रीत मांडली. सारख्या लांबीच्या, खुणा केलेल्या काठ्या ठरावीक अंतरावर उभ्या धरायच्या, जमिनीकडच्या काठीमागून समुद्राकडच्या काठीचा माथा आणि क्षितिज एका रेषेत आणायचे, आणि नजर जिथे काठीला छेदते तिथला आकडा घ्यायचा. सत्राच्या दोन टोकांना हे केले की वाळू किती हलली ते दिसते: कॅलिफोर्नियात हिवाळी लाटा ती आत ओढून नेतात, कोकणात पावसाळी लाटा. किनाऱ्याला समांतर प्रवाहाचा वेग काढायला संत्रे फेकतात, कारण ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगते आणि वाऱ्याने ढकलले जात नाही.

खडकाळ किनाऱ्यावर चौकट टाकून आतले जीव मोजतात. कंटाळवाणे काम, पण त्याचे महत्त्व रॉबर्ट पेन यांनी दाखवले. वॉशिंग्टन राज्यातील मक्कॉ उपसागराच्या खडकांवरून ते तारामासे काढून टाकत राहिले आणि काय होते ते मोजत राहिले. भक्षक गेल्यावर मसल जातीच्या शिंपल्यांनी जागा बळकावली आणि इतर जाती हटल्या; १५ जातींच्या ८ राहिल्या. हा निष्कर्ष १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

बोटीची फेरी बहुधा एखादीच असते. तीत पाण्याची पारदर्शकता मोजणारी सेक्की तबकडी दिसेनाशी होईपर्यंत खाली सोडतात, प्लवकांचे (पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जीवांचे) जाळे ओढतात, हव्या त्या खोलीवर बंद होणाऱ्या निस्किन बाटलीत पाणी धरतात. तबकडीची रीत अँजेलो सेक्की या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पारखली होती. गढूळ खाडीत ती मीटरभरात नाहीशी होते, खुल्या निळ्या पाण्यात ३० मीटरांपर्यंतही दिसते.

भारतात सागरविज्ञान मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकवले जाते. गोवा विद्यापीठातील अभ्यासक्रम हे जवळचे उदाहरण. मत्स्यविज्ञानाच्या पदवीत त्याचा एखादा विषय असतो. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांपर्यंत तो फारसा पोहोचलेला नाही, आणि ही उणीव किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत विशेष जाणवते. काठ्या, चाळण्या, रंगीत पाणी, तबकडी यांना फारसा खर्च नाही. खोल समुद्राचे आकडेही फुकट मिळतात: जगभरच्या समुद्रांत आर्गो प्रकल्पाचे सुमारे ४,००० तरंगते संवेदक २,००० मीटरांपर्यंत बुडून साधारण दहा दिवसांनी वर येतात आणि तापमान-क्षारतेच्या नोंदी उपग्रहामार्फत पाठवतात. भारताकडून हे काम हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राविषयी माहिती पुरवणारी संस्था पाहते. अरबी समुद्रातला एक आणि बंगालच्या उपसागरातला एक असे दोन आलेख शेजारी ठेवले तर उपसागराच्या वरच्या थराची क्षारता ठळकपणे कमी दिसते, कारण गंगा, ब्रह्मपुत्रा आणि इरावतीचे पाणी तिकडे उतरते.