मला काय धाड भरलीय?

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात आशाताई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचं सांगायला गेल्या, की ओसरीवरून पहिलं उत्तर येतं ते हेच. ‘मला काय धाड भरलीय? दुखत नाही, खुपत नाही, कशाला तपासायचं?’ हे उत्तर अडाणीपणाचं म्हणून सोडून दिलं जातं, ते मला पटत नाही. दुखलं की दवाखाना, नाही दुखलं की काम, हा हिशोब त्या बाईला आयुष्यभर उपयोगी पडलेला असतो. फक्त या एका रोगापुढे तो चुकतो. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग बहुतेक वेळा आपोआप जातो. काही जणींत तो टिकून राहतो आणि तिथून कर्करोगापर्यंत पोचायला साधारण दहा-वीस वर्षं लागतात. या सगळ्या काळात काहीही दुखत नाही. पाळी गेल्यावर रक्त दिसू लागतं किंवा अंगावरून घाण वासाचं पाणी जाऊ लागतं, तोवर सोप्या उपचाराची वेळ बऱ्याचदा निघून गेलेली असते.

निरोगी माणूस तपासणीला का जातो आणि का जात नाही, याचा शास्त्रीय शोध एका फसलेल्या योजनेतून सुरू झाला. 1950 च्या दशकात अमेरिकेत क्षयरोग शोधण्यासाठी एक्स-रेच्या गाड्या वस्त्यांमध्ये उभ्या राहत. तपासणी फुकट, गाडी जवळ, तरी पुष्कळ लोक तिकडे फिरकत नसत. गॉडफ्रे हॉकबाम या मानसशास्त्रज्ञाने बॉस्टन, क्लीव्हलँड आणि डेट्रॉइटमधल्या हजारावर लोकांशी बोलून दोन गोष्टी जाणून घेतल्या. आपल्याला क्षय होऊ शकतो असं वाटतं का? आणि त्रास सुरू व्हायच्या आत रोग सापडला तर फायदा होतो असं वाटतं का? दोन्ही गोष्टी मानणाऱ्यांपैकी 82 टक्के लोकांनी स्वतःहून एक्स-रे काढलेला होता. दोन्ही न मानणाऱ्यांत हे प्रमाण 21 टक्के होतं.

हे निष्कर्ष 1958 मध्ये प्रसिद्ध झाले. हॉकबाम, आयर्विन रोझेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून जो आराखडा उभा केला, तो आजही सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात शिकवला जातो. माणूस मनात काही प्रश्न घोळवतो असं तो सांगतो: मला हे होईल का, झालं तर किती भारी पडेल, उपाय केला तर उपयोग होईल का, आणि त्यासाठी किती खटाटोप पडेल. पुढे 1988 मध्ये त्यात आणखी एक प्रश्न आला, ‘मला हे जमेल का?’ एक मात्र ध्यानात ठेवायला हवं. हॉकबाम यांनी विचारलं तेव्हा अनेकांचा एक्स-रे आधीच काढून झाला होता. म्हणजे समजूत आधी आणि कृती नंतर, असंच प्रत्येकाच्या बाबतीत घडलं होतं असं नाही. तपासून आल्यावरही माणसाचं मत बदलतं.

मग घाबरवलं तर? आपल्याकडे भिंतीवरच्या पोस्टरपासून व्हॉट्सॲपच्या फोटोंपर्यंत सगळी भिस्त भीतीवरच असते. हॉवर्ड लेव्हेन्थल या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हे तपासून पाहिलं, ते 1965 मध्ये प्रसिद्ध झालं. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली, काहींना सौम्य, काहींना अंगावर काटा आणणारी. घाबरलेल्यांनी लस महत्त्वाची असल्याचं जास्त जोरात सांगितलं, पण नुसत्या भीतीने लस घ्यायला जाणारे वाढले नाहीत. फरक पडला तो एका साध्या कागदाने. काही विद्यार्थ्यांना विद्यापीठाचा नकाशा दिला होता, त्यावर आरोग्य केंद्राला गोल केलेला होता, आणि आठवड्याचं वेळापत्रक बघून आपण तिकडून कधी जाऊ हे ठरवायला सांगितलं होतं. त्यांच्यातल्या सुमारे 28 टक्के जणांनी लस घेतली. नकाशा न मिळालेल्यांत हे प्रमाण जेमतेम 3 टक्के होतं. विद्यार्थी तिथलेच होते, आरोग्य केंद्र कुठे आहे हे त्यांना नकाशाविनाही सापडलं असतं.

आता आपल्या उस्मानाबादकडे, म्हणजे आजच्या धाराशिवकडे येऊ. मुंबईचं टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 पासून तिथे 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायकांचा अभ्यास केला. एचपीव्ही चाचणीच्या गटात 34,126 जणी होत्या, त्यांतल्या 27,192 जणी तपासणीला आल्या. दर पाचांतल्या जवळजवळ चार! आठ वर्षांत या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. तपासणीची मोहीम न झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64. याच देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या फक्त 1.9 टक्के बायकांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं.

उस्मानाबादच्या बायका काही वेगळ्या समजुती घेऊन जन्माला आल्या नव्हत्या. त्यांच्यापर्यंत माणसं पोचली, बोलली, तपासणी गावाजवळ आली आणि दोष सापडला तर उपचाराचीही सोय होती. म्हणून ‘लोकांची मानसिकताच तशी’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. जिथे तपासणीच पोचलेली नाही, तिथे समजुतीला दोष देणं फार सोयीचं असतं.

समजुती खऱ्या असतात आणि त्या आड येतात, हेही तितकंच खरं. लाज असते. ‘तपासलं आणि काही निघालं तर?’ ही धास्ती असते. ‘नशिबात असेल ते होईल’ असं म्हणणाऱ्या बाईला विषाणूचं चित्र दाखवून फारसं काही साधत नाही. तिच्या मनातला कुठला प्रश्न अडलाय ते आधी विचारावं लागतं. लाज आड येत असेल तर तपासायला बाईच असेल हे सांगायचं. धास्ती असेल तर हे सांगायचं, की सुरुवातीचा दोष पुष्कळदा तिथला छोटा भाग गोठवून काढता येतो आणि पिशवी काढावी लागत नाही. आणि ती ‘बघू’ म्हणाली, तर उठायच्या आधी तिच्याशी बसून ठरवायचं: कुठल्या वारी, कितीच्या एसटीने, सोबत जाऊ की सून, आणि त्या दिवशी शेतावर भाकरी कोण नेणार.