हवामानबदलाच्या मानवी कारणांचे अध्यापन

औद्योगिक काळापासून पृथ्वीच्या सरासरी तापमानात झालेली वाढ मुख्यतः माणसाच्या कृतींमुळे घडली आहे, हे विद्यार्थ्यांना पुराव्यांसह समजावून देण्याचे शिक्षणकार्य. खनिज इंधनांचे ज्वलन, जंगलतोड, सिमेंटनिर्मिती, पशुपालन, भातशेती व नत्रयुक्त खतांचा वापर ही त्यातील प्रमुख प्रकरणे होत. पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत अनिवार्य करावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली दिला; 2015 च्या पॅरिस करारातील बाराव्या कलमातही हवामानविषयक शिक्षणाची तरतूद आहे.

मानवी प्रभावाचा आरंभ कधीपासून मानावा, याविषयी मतभेद आहेत. प्राचीन हवामानाचे अभ्यासक विल्यम रडिमन यांनी 2003 मध्ये असे मांडले की, सुमारे 8,000 वर्षांपूर्वी शेतीसाठी सुरू झालेल्या जंगलतोडीमुळे कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे 5,000 वर्षांपूर्वीपासून पाण्यात उभ्या राहणाऱ्या भातशेतीमुळे मिथेन वातावरणात वाढू लागला. मात्र हिमगाभ्यांत (हिमस्तरांतून खोदून काढलेल्या बर्फाच्या नमुन्यांत) अडकलेल्या प्राचीन हवेतील कार्बन समस्थानिकांच्या (वेगवेगळ्या वस्तुमानाच्या कार्बन-अणूंच्या) मापनावरून, त्या काळातील कार्बन डायऑक्साइडच्या वाढीत जमिनीवरील वनस्पतींचा वाटा अल्प व महासागराचा अधिक असावा, असे दिसते. मिथेनविषयीचा भाग त्या मानाने ग्राह्य वाटतो. रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झन यांनी अठराव्या शतकाचा उत्तरार्ध सुचवला, तर काही अभ्यासक विसाव्या शतकाच्या मध्याला महत्त्व देतात. वर्गात 1750 च्या सुमाराची स्थिती आधार धरणे अधिक सोयीचे व पुराव्याला धरून आहे, कारण त्यावेळचे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, दशलक्ष भागांत सुमारे 280, हिमगाभ्यांतून चांगले निश्चित झाले आहे. आज ते 420 च्या पुढे गेले आहे.

ही वाढ माणसानेच केली कशावरून, या प्रश्नाला पाठ्यपुस्तकांनी दिलेली जागा अपुरी आहे आणि अध्यापनाचा खरा कस तेथेच लागतो. कार्बन-14 चे अर्धायुष्य (त्याचा निम्मा भाग नाहीसा होण्यास लागणारा काळ) सुमारे 5,730 वर्षे असल्याने कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या कोळशात व तेलात तो उरत नाही. शिवाय ही इंधने मूळ वनस्पती व शैवालांसारख्या जीवांपासून बनलेली असल्यामुळे त्यांत कार्बन-13 कमी असतो. हवेत या दोन्ही समस्थानिकांचे प्रमाण घटत गेलेले आढळते आणि ज्वलनाच्या हिशेबाला साजेशी ऑक्सिजनची घटही मोजली गेली आहे. ज्वालामुखींचे वार्षिक उत्सर्जन मानवी उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. सूर्य अधिक तापल्याने पृथ्वी तापली असती, तर स्थितांबरही (वातावरणाचा वरचा, ओझोनचा थर असलेला भाग) तापायला हवे होते. प्रत्यक्षात ते थंड होत आहे. ओझोनच्या थराचा ऱ्हास हेच तापमानवाढीचे कारण, हा विद्यार्थ्यांत आढळणारा गैरसमज मात्र या मुद्द्याने दूर होत नाही, कारण ओझोन घटल्यानेही स्थितांबर थंड होते; तो वेगळा समजावून द्यावा लागतो.

बडोद्यात या विषयाला स्थानिक आधार भरपूर आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1893 मध्ये अमरेली भागात व 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. त्याच शहराच्या परिसरात 1965 मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना व पुढे फर्टिलायझरनगरचा खत उद्योग उभा राहिला. नैसर्गिक वायूपासून अमोनिया करताना कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि शेतात टाकलेल्या नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या काळात त्याचा तापमानवाढीवरील परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट मानला जातो. येथील मराठी घरांतील अनेक मुलांना हे कारखाने निदान नावाने परिचित असतात, म्हणून रसायनशास्त्राचा पाठ तेथून सुरू करणे इष्ट.

बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीला 2019 व 2024 मध्ये आलेल्या पुरांचे उदाहरण मात्र जपून वापरावे लागते. तापमान एक अंशाने वाढल्यास हवेची बाष्पधारणक्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते व अतिवृष्टीची तीव्रता त्यामुळे वाढू शकते, हे सांगता येते. परंतु एखाद्या विशिष्ट पुरात हवामानबदलाचा वाटा किती, हे स्वतंत्र विश्लेषणाविना ठरत नाही, आणि नदीपात्रातील अतिक्रमण व बुजलेले नैसर्गिक निचरे ही मानवी असली तरी वेगळी कारणे आहेत.