दूरस्थ बैठकीतील हजेरी आणि लक्ष

गोव्यातील वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांची साप्ताहिक बैठक आता वेर्णा, पणजी, पुणे अशा तीन-चार ठिकाणांहून भरते. अर्ध्या तासाने कोणाचे मत विचारले, तर म्यूट काढण्यात काही क्षण जातात आणि मग उत्तर येते, ‘विषय जरा परत सांगता का?’ या अनवधानाचे खापर सर्रास २०२० च्या टाळेबंदीवर फोडले जाते. ते पूर्णपणे खरे नाही.

‘एटी अँड टी’ या अमेरिकी दूरध्वनी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात पिक्चरफोन, म्हणजे बोलणाऱ्याचा चेहरा दाखवणारा दूरध्वनी, मांडला आणि १९७० मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याची सेवा सुरू केली, ती महाग होती आणि चालली नाही. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७३ ने संचालकांना मंडळाच्या बैठकीला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे उपस्थित राहण्याची मुभा दिली. २०१४ च्या नियमांनुसार अध्यक्षाने आरंभी हजेरी घ्यायची असते. प्रत्येक संचालकाने आपले नाव आणि ठिकाण सांगायचे, विषयपत्रिका मिळाल्याचे आणि आपल्याजवळ दुसरे कोणी ऐकत नसल्याचे स्पष्ट करायचे आणि पुढे बोलण्यापूर्वी स्वतःची ओळख द्यायची. हेतू पुराव्याचा असला, तरी माझ्या मते लक्ष बांधून ठेवणारी शिस्त नेमकी हीच आहे. गोव्यात ती परकी वाटू नये: पोर्तुगीजांच्या १५२६ च्या फोरालमध्ये (सनदेत) ज्या गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामुदायिक कारभाराच्या, प्रथा नोंदल्या गेल्या, त्यांतही कामकाज लिहून ठेवायला कुळकर्णी होताच.

व्यवस्थापकांच्या रोजच्या बैठकांना मात्र हा नियम कधीच लागू नव्हता. झूमवरील बैठकांतील दैनंदिन सहभाग डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे एक कोटी होता, तो एप्रिल २०२० मध्ये तीस कोटींवर गेला. त्या घाईत दुवा पाठवला गेला, विषयपत्रिका मागे राहिली. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी व्हिडिओ बैठकांमुळे येणाऱ्या थकव्याची चार कारणे मांडली: अतिजवळची नजरानजर, सतत दिसणारा स्वतःचा चेहरा, खिळलेले शरीर आणि हावभाव समजण्यासाठी लागणारे जादा श्रम. कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती करणाऱ्यांनी हे वाचायला हवे.

वार्षिक हिशेबांना मंजुरी देण्यासारखे विषय २०१४ च्या त्याच नियमांतील नियम ४ ने पडद्यावरील बैठकीबाहेर ठेवले होते. जून २०२१ मध्ये तो नियमच वगळण्यात आला, त्यामुळे ताळेबंदही आता त्याच चौकटींसमोर संमत होऊ शकतो.